बिऱ्हाड ट्रॉलीत चढवण्याआधी: दिंडीच्या ट्रॉलीची देखभाल, बिघाड आणि सुधारणा

चार वर्षांपूर्वी पंढरीच्या वारीत खर्डा सोडून परांड्याच्या वाटेला लागलो होतो. ट्रॉलीच्या डाव्या चाकातून बारीक किरकिर येत होती म्हणे. म्हणे, कारण ट्रॅक्टरच्या आवाजात मला ती ऐकूच आली नाही. मागून चालणाऱ्या एका आजीबाईंना आली. "माऊली, तुमची ट्रॉली रडायलीय," असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी म्हटलं, पाटे (ॲक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाजत असतील, ओझं जास्त आहे. कोसभर गेलो आणि हबमधून, चाकाच्या मधल्या तुंब्यातून, धूर निघाला. ट्रॉलीत सव्वाशे माणसांच्या रात्रीच्या जेवणाचा शिधा, भांडी, सतरंज्या, औषधांची पेटी. माणसं पुढे मुक्कामाला पोचली आणि त्यांचं बिऱ्हाड मागे रस्त्याच्या कडेला अडकलं. पंगत बसायला रात्रीचा एक वाजला.

चाक उघडलं तेव्हा आत ग्रीस नव्हतं, गंजाचा लाल चिखल होता. कारण साधं होतं. आमची ट्रॉली दसरा-दिवाळीपासून ऊसतोडीला जाते, हंगाम संपला की शेताच्या बांधाला उन्हात उभी राहते. उन्हाने रबरी ऑइल सील तडकलं, वळवाचं पाणी आत गेलं आणि मी जूनमध्ये वरून रंगाचा एक हात मारून "तयार आहे" म्हणून मोकळा झालो. तेव्हापासून दरवर्षी अक्षय तृतीयेला ट्रॉली उघडतो. नाथांची पालखी पैठणहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, म्हणजे हातात दीड-दोन महिने मिळतात. त्यात मृगाचा पाऊस, पेरणी, वेल्डिंगवाल्याच्या खेटा हे सगळं बसवायचं असतं, त्यामुळे तेवढे दिवस लागतातच. तुमची दिंडी शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीला परभणी-परळी-अंबाजोगाईच्या वाटेवर कुठे मिळत असेल, तर आणखी आधी हात घाला. ती पालखी लांबून येते आणि लवकर निघते.

कामाचा क्रम असा: चाक, जोड, हौदा (माल भरायचा भाग), दिवे, पाणी, चूल. पुष्कळजण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी सोलरची पाटी येते, मग पंखे, मग स्पीकर आणि टायर मात्र तीन हंगाम खाल्लेले.

एक गोष्ट आधीच सांगतो. ट्रॉली हे माल वाहायचं वाहन आहे. चालत्या ट्रॉलीत माणसं बसवणं कायद्याला धरून नाही आणि ट्रॉली कलंडली तर काय होतं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. ट्रॉलीत बिऱ्हाड, माणसं पायी, दमलेल्यांसाठी वेगळी जीप. पुढचं सगळं हे धरून आहे.

चाक

आमची ट्रॉली दोन चाकी, एका ॲक्सलची, दहा बाय सहा फुटी हौद्याची. चार चाकी ट्रॉली असेल तर पुढच्या टर्नटेबललाही (पुढची चाकं वळवणाऱ्या गोल तबकडीला) ग्रीस लागतं, बाकी काम तेच, फक्त दुप्पट.

ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवायची. ट्रॅक्टर गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. ज्या बाजूचं चाक काढायचं नाही त्याच्या पुढे-मागे मोठे दगड. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, उचलल्यावर चाक फिरतं आणि पान्याला जोर मिळत नाही. जॅक ॲक्सलखाली लावायचा, हौद्याच्या चॅनलखाली नाही. चाक उचललं की ॲक्सलखाली बाभळीचा जाड ठोकळा सरकवायचा आणि मगच हात आत घालायचा. नुसत्या जॅकवर उभ्या ट्रॉलीखाली डोकं घालणाऱ्याला आमचे मिस्त्री सरळ हाकलून देतात.

चाक काढायच्या आधी दोन परीक्षा घ्या. चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखड हललं तर बेअरिंग सैल आहे किंवा झिजलंय. मग हाताने जोरात फिरवून दुसरा हात पाट्यावर ठेवा. चांगलं बेअरिंग हाताला काही सांगत नाही. खराब बेअरिंग जात्यासारखं घरघरतं, ते कानाआधी तळहाताला कळतं.

आता उघडायचं. हबवरची टोपी काढा, कॉटर पिन सरळ करून ओढा, नट काढा, वायसर काढा. बाहेरचं बेअरिंग हातात येईल. हब ओढून घेतला की मागे आतलं बेअरिंग आणि त्यामागे ऑइल सील. सील काढताना फाटतंच, फाटू द्या, ते पुन्हा वापरायचं नसतं. बेअरिंग डिझेलमध्ये जुनं ग्रीस पूर्ण निघेपर्यंत धुवा, फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवून वाळवायची खोड पोरांना असते. कोरडं बेअरिंग तसं फिरवलं तर ओरखडे पडतात.

उजेडात धरून प्रत्येक रोळ बघा. निळसर-तपकिरी झाक आली असेल तर ते कधीतरी तापलेलं आहे. देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले तर त्याचे दिवस भरले. बदलायचं ठरलं की हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची रिंगही बदलायची. नव्या रोळांना जुनी रिंग म्हणजे नव्या सुनेला फाटका शालू. दुकानात मोघम "अमुक टनाच्या ट्रॉलीचं द्या" म्हणू नका, जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर वाचून घ्या.

ग्रीस भरायची रीत नीट सांगतो, कारण इथेच सगळे घाई करतात. लिथियमचं चांगलं ग्रीस घ्या. डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा. बेअरिंगची रुंद बाजू त्या गोळ्याच्या कडेवर दाबून ओढायची, पुन्हा दाबून ओढायची. पाच-सहा वेळा झालं की वरच्या बाजूने, रोळांच्या फटींतून, ग्रीस बारीक शेवयांसारखं बाहेर येतं, सोऱ्यातून कुरडई निघते तसं. त्या शेवया दिसल्या की बेअरिंग थोडं फिरवून पुढच्या फटी घ्यायच्या. पूर्ण वेढा होईपर्यंत. बोटाने वरून लिंपलेलं ग्रीस आत जात नाही, दिसायला मात्र छान दिसतं. हबच्या पोकळीत अर्ध्याहून जास्त ग्रीस कोंबायचं नाही, जागा नसली की ते घुसळून तापतं. जुन्या ग्रीसवर वेगळ्या जातीचं ग्रीस टाकायचं नाही. दोन जाती मिसळल्या की कधी कधी पाणी होऊन वाहून जातात.

आतलं बेअरिंग बसवा, नवं सील सपाट लाकडी तुकडा ठेवून हळूहळू ठोका, हब चढवा, बाहेरचं बेअरिंग, वायसर, नट. आता नट आवळणं. चाक एका हाताने फिरवत ठेवायचं आणि नट चाक जड होईपर्यंत आवळत जायचा. यामुळे रोळ आपापल्या जागी बसतात. मग नट एक खाच मागे घ्यायचा, चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि वर-खाली धरून हलवलं तर कळेल-न कळेल एवढीच हालचाल पाहिजे. नवी कॉटर पिन घालून टोकं वळवा. जुनी पिन वाकवून-सरळ करून पुन्हा वापरणं म्हणजे चाराण्यासाठी चाक गमावणं.

बेअरिंग उघडलेल्या ट्रॉलीला रिकामी नाही, थोडं ओझं टाकून दहा किलोमीटर फिरवा. उतरून दोन्ही हबना हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळलाय किंवा ग्रीस गेलेलं नाही. एक हब गार आणि दुसरा गरम असेल तर गरम बाजू उघडा, "बसेल आपोआप" म्हणू नका.

टायरचं वय बाजूच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. लांबलचक अक्षरांच्या शेवटी लंबगोलात चार आकडे दिसतील. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. ट्रॉलीचे टायर झिजून कमी आणि उन्हाने तडकून जास्त जातात. सहा-सात वर्षांच्या टायरची नक्षी कितीही ताजी दिसो, भिंतीवर बोटाने ताणून बघा. बारीक भेगा उघडल्या तर तो टायर शेतातल्या शेणखताला ठेवा, डांबरी रस्त्यावर नको. हवा सकाळी, चाक गार असताना मोजायची आणि दोन्ही बाजूंना सारखी ठेवायची. पान्याने ठोकून "भरलीय" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मोजायचा गेज स्वस्तात येतो. नट समोरासमोरच्या जोडीने आवळा आणि पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघा.

जोड

ट्रॉलीचा सगळा भार हुकाच्या एका पिनवर असतो. पिन काढून पुसा आणि नखाने चाचपा. मध्ये कमरेसारखी खाच पडली असेल तर पिन बदला. ड्रॉबारचं (ट्रॉली ओढायच्या दांड्याचं) भोक अंडाकृती झालं असेल तर नुसती जाड पिन घालून भागत नाही, वेल्डिंगवाल्याकडून भोक भरून नव्याने पाडून घ्यावं लागतं. पिनला खालून कुलूप-क्लिप हवीच. क्लिपऐवजी तार, पिनऐवजी सळई, हे ऊसतोडीत रोज दिसतं आणि रोज कुठेतरी ट्रॉली सुटते. सोबत दोन साखळ्या, ड्रॉबारखाली एकमेकींना छेदून लावलेल्या. पिन गेलीच तर ड्रॉबार रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत अडकतो.

ड्रॉबार जिथे चौकटीला जोडलाय तिथली माती तारेच्या ब्रशने काढा. रंगाखालून गंजाची केसासारखी रेघ दिसली तर ती तडा आहे. रंग खरवडून, तड्यावर व्ही आकाराची खाच पाडून, पूर्ण भरून वेल्डिंग करून घ्या, वरून पट्टी. ट्रॉलीवर बॅटरी बसवली असेल तर वेल्डिंगच्या आधी तिच्या तारा सोडवा, ट्रॅक्टरही अलग करा. पाट्यांवर मात्र वेल्डिंग नको. पोलादाचा कस जातो आणि पाटा पुढच्याच खड्ड्यात तुटतो. तुटलेला पाटा बदलायचाच, यू-बोल्ट आवळायचे.

उलाळ आणि दाब

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळते, जू वर उचलतं. पुढे जास्त झालं की दाब होतो, बैलाच्या मानेवर येतो. ट्रॉलीचंही अगदी हेच. उलाळ झाली की ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, चढाला घसरतात आणि वेगात ट्रॉली शेपूट हलवायला लागते. दाब जास्त झाला तर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड हलकं होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. परदेशात मोटारीमागे ओढतात त्या फिरत्या घरांना एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर ठेवायला सांगतात. आपल्याकडे वजनकाटा नसला तरी तत्त्व तेच: थोडा दाब हवा, उलाळ कधीच नको.

म्हणून धान्याची पोती, तेलाचे डबे, बॅटरी ॲक्सलच्या किंचित पुढे आणि तळाला. गाद्या-सतरंज्या मागे आणि वर. पाण्याची टाकी ॲक्सलवर. पाचशे लिटर पाणी म्हणजे पाचशे किलो, पाच क्विंटल धान्याएवढं. ते मागच्या फाळक्याशी (हौद्याच्या उघडत्या फळीशी) ठेवणाऱ्याला मी काय म्हणू! शिवाय अर्धी टाकी पूर्ण टाकीपेक्षा वाईट, वळणावर पाणी एका बाजूला धाव घेतं. लांब उतारावर जाताना टाकी भरून घ्या किंवा रिकामी करा.

हौदा आणि छप्पर

हौदा धुवून कोरडा करा, हातोडीच्या मागच्या बाजूने तळ ठोकत जा. आवाज बद्द आला तिथे पत्रा कुजलाय. छोटी भोकं पट्टीने झाका, पण पाणी जायची मुद्दाम पाडलेली भोकं बुजवू नका. गंज खरवडून रेड ऑक्साइडचे दोन हात, मग रंग. यापलीकडे रंगकामात जीव घालण्यासारखं काही नाही.

छपरासाठी वेल्डिंग करून कायमचा सांगाडा उभारायचा मोह होतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनाच्या मूळ नोंदीत परवानगीशिवाय फेरफार करू देत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी पुन्हा ऊस भरायचा आहे ना? आम्ही एक इंची पाइपच्या पाच कमानी केल्यात, फाळक्याच्या खोबणीत बसतात, नट-बोल्टने आवळतात. अर्ध्या तासात निघतात. बाजूने हौद्याच्या बाहेर काही येत नाही. मधली उंची कडेपेक्षा फूटभर जास्त ठेवा. सपाट ताडपत्रीवर पाण्याचं पोतं तयार होतं, खालून काठीने उचललं की शेजारच्याच्या अंथरुणावर.

गळती शोधायची पद्धत: एकजण आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर पाणी घेऊन. पाणी खालून वर ओतत जायचं, आधी कडा, मग बाजू, शेवटी माथा. वरून सुरुवात केली तर सगळीकडेच ओलं होतं आणि भोक कळत नाही. ताडपत्री कमानीवर जिथे घासते तिथेच फाटते, म्हणून कमानींवर जुन्या ट्यूबचे पट्टे गुंडाळा. एवढ्या एका कामाने आमची ताडपत्री तिसऱ्या वर्षात आहे.

दिवे आणि वीज

रस्त्याचे दिवे आणि बिऱ्हाडाचे दिवे ही दोन वेगळी कामं आहेत, तारा एकत्र करू नका.

रस्त्याच्या दिव्यांत दहापैकी आठ बिघाड अर्थिंगचे. डावा इंडिकेटर दिला आणि मागचे लाल दिवेही सोबत लुकलुकले, ब्रेक दाबला आणि सगळं मंद झालं, म्हणजे अर्थिंग गेलं. पिनच्या जोडातून येणाऱ्या करंटवर भिस्त न ठेवता अर्थिंगची स्वतंत्र तार ओढा, चौकटीवर रंग खरवडून चकचकीत लोखंडावर आवळा आणि वरून ग्रीस लावा. तारेच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. ट्रॉली हातोहात फिरलेली असते, प्रत्येकाने आपला रंग घातलेला असतो. टेस्ट लॅम्प घेऊन दिव्यांच्या सॉकेटची एकेक पिन तपासा. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी चमकपट्टी लावा. पहाटे चारला, अंधारात, दिंडी निघते तेव्हा मागून येणाऱ्या ट्रकला तुमचे दिवे नाही, ती पट्टी आधी दिसते.

बिऱ्हाडाच्या विजेचा हिशेब कागदावर करा. आमचा असा: नऊ वॅटचे सहा बल्ब पाच तास, म्हणजे २७०. पंधरा वॅटचे दोन पंखे आठ तास, २४०. वीस मोबाइल, प्रत्येकी बारा-तेरा धरले तर २५०. एकूण साधारण ७६० वॅट-तास. घरच्या इन्व्हर्टरची १५० ॲम्पिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२ गुणिले १५०, १८०० वॅट-तास. पण अशी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून वापरायला ९०० धरा. भागतं. भजनाचा मोठा ॲम्प्लिफायर लावायचा असेल तर भागत नाही, त्याला वेगळी सोय करा. आमच्याकडे दोन वर्षं यावरून वाद झाला, शेवटी भजन टाळ-मृदंगावरच ठरलं आणि सगळ्यांनाच बरं वाटलं.

सोलरची पाटी घेताना एक फसवणूक टाळा. घराच्या छतावरच्या मोठ्या ३३० वॅटच्या पाटीतून ३७-३८ व्होल्ट येतात. ती साध्या, स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलरने (पाटी आणि बॅटरीमधल्या चार्जिंगच्या डबीने) १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडली तर निम्म्याहून जास्त वीज वाया जाते. अशा पाटीला एमपीपीटी कंट्रोलर लागतो, तो जादा व्होल्ट वाया न घालवता बॅटरीला लागेल तसे बदलून देतो. स्वस्तातच करायचं तर १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी बनलेली छोटी पाटी घ्या. आणि आषाढातल्या ढगांत पाटीवर लिहिलेल्या वॅटची अपेक्षा करू नका.

तार जाड घ्या. बॅटरी पुढे, शेवटचा पंखा मागे, वळणं धरून दहा मीटर होतात, जाऊन-येऊन वीस. दीड एमएमच्या तारेतून सात ॲम्पिअर नेले तर वाटेतच पावणेदोन व्होल्ट गळतात. बारातून ते गेले की पंखा नुसता मान हलवतो. चार एमएमच्या तारेत हाच तोटा पाऊण व्होल्टच्या आत येतो. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. हौद्याचं लोखंड तारेला घासून शॉर्ट झालं तर आग बॅटरीशी सुरू होत नाही, गादीशी होते.

मल्टिमीटर जवळ ठेवा. तासभर न वापरलेल्या बॅटरीवर १२.७ दिसले तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. त्याखाली पंखे बंद.

पाणी

मोठमोठे लोक टाकी उंच कमानीवर बसवतात, प्रेशरसाठी. गरज नाही. हौद्याचा तळच जमिनीपासून तीन-साडेतीन फूट वर असतो. टाकी तळाला ठेवली तरी खाली उभ्या बाईच्या हंड्यात नळाचं पाणी आपसूक पडतं. वर ठेवली की ट्रॉलीच कलंडायला बघते. टाकीला चारी बाजूंनी लाकडी पट्ट्यांचा खोका आणि वरून पट्टा.

वर्षभर रिकामी पडलेली टाकी आधी घासून धुवा. मग पाचशे लिटर पाण्यात ७५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, निवळ ओतून, नळांपर्यंत पाणी आणून चार-पाच तास ठेवा. पूर्ण सोडून द्या, दोनदा विसळा. हे पाणी पिण्याचं नव्हे. रोजच्या पिण्याच्या पाण्याला ग्रामपंचायतीत वापरतात तोच हिशेब: हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (हीच ब्लीचिंग पावडर), म्हणजे आपल्या टाकीला अडीच ग्रॅम. अर्धा तास थांबून प्यायचं. वाटेत कुणी टँकर भरून देतं, प्रेमाने देतं, पण विहीर कुठली ते आपल्याला माहीत नसतं. पावडरीचा डबा मी कुणाच्या भरवशावर सोडत नाही.

चूल

गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, हौद्याच्या तळाशी पाण्यासारखा साठतो आणि फाळके बंद असले की तिथेच राहतो. म्हणून सिलिंडर चालत्या ट्रॉलीत उभाच, पट्ट्याने बांधलेला, रेग्युलेटर काढून, टोपी लावून. मुक्कामाला स्वयंपाक ट्रॉलीबाहेर, जमिनीवर, बॅटरीपासून लांब, कारण चार्ज होणारी बॅटरीही पेटणारा वायू सोडते. जोडांवर साबणाचा फेस लावा, बुडबुडा वाढला तर गळती. काडी लावून तपासणारे अजून भेटतात. सिलिंडरच्या गळ्याजवळच्या पट्टीवर अक्षर आणि साल असतं: ए म्हणजे मार्च, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. ती मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नका.

वाटेत अडलं तर

हब तापला: ट्रॉली सावलीत घ्या आणि थांबा. त्यावर पाणी ओतू नका. आम्ही त्या रात्री तांब्या-तांब्याने ओतलं, तापलेली रिंग तडकली आणि दुरुस्तीत हब घालवला. गार झाल्यावर उघडून ग्रीस भरून हळू नेता येते, रोळ शाबूत असतील तरच.

ट्रॉली शेपूट हलवते: जोरात ब्रेक मारू नका, ॲक्सिलेटर हळूहळू सोडा. थांबल्यावर आधी ओझं बघा, मग दोन्ही चाकांची हवा, मग पिनचा ढिलेपणा. या क्रमाने बहुतेक वेळा पहिल्यातच उत्तर मिळतं.

ट्रॉली एका अंगाला झुकली: हवा ठीक असेल तर मुख्य पाटा तुटलाय. पाटा आणि ॲक्सल लाकडी ठोकळ्यासह साखळीने आवळून जवळच्या गावापर्यंत चालीच्या वेगाने जा.

घाट: मांजरसुंब्याचा असो की तुळजापूरचा, आपल्या ट्रॉलीला बहुतेक स्वतःचे ब्रेक नसतात, मागचं सगळं वजन ट्रॅक्टरला ढकलतं. शेतात वळायला आपण ट्रॅक्टरचे दोन ब्रेक पेडल सुटे ठेवतो. रस्त्याला लागायच्या आधी त्यांची कडी लावून एक करा, नाहीतर घाईत एकच पेडल दाबलं जातं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. उतार सुरू व्हायच्या आधीच लहान गिअर टाका, क्लचला पाय लावू नका, न्यूट्रल तर नावच काढू नका. डिझेल वाचतं म्हणणाऱ्याला खाली उतरवून चालायला लावा, दिंडीच आहे.

जवळच्या पेटीत मी एवढं ठेवतो: बेअरिंगचा एक पूर्ण संच आणि सील, ग्रीसचा डबा, हुकाची जादा पिन व क्लिप, चार कॉटर पिना, स्टेपनी, जॅक, ठोकळा, फ्यूज, टेस्ट लॅम्प, तार, जुन्या ट्यूबचे पट्टे. आणि नट काढायच्या पान्यावर चढणारा तीन फुटी पाइप. तो विसरला की बाकी सगळं असून नसल्यासारखं.

परत आल्यावर

एकादशी होते, काला होतो, माणसं एसटीने घरी येतात आणि ट्रॉली गोठ्यामागे तशीच उभी राहते. दुसऱ्याच दिवशी टाकी सोडून उपडी करा, ताडपत्री वाळवूनच घडी घाला. बॅटरी घरात आणून पूर्ण चार्ज करा, महिन्यातून एकदा पुन्हा. ॲक्सलखाली ठोकळे देऊन चाकांवरचा भार काढा, टायरवर गोणपाट टाका. ड्रॉबार किंचित खाली ठेवा म्हणजे हौद्यातलं पावसाचं पाणी पुढच्या भोकातून निघून जाईल. हबची टोपी नीट बसली आहे ना, एवढं बोटाने दाबून बघा. आमच्या उजव्या हबची टोपी गेल्या वर्षी वाटेतच कुठेतरी पडली होती, ते दसऱ्याला, उसाला निघायच्या आदल्या रात्री, कळलं. आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं.